काटा

अप्पालालला उजव्या डोळ्यानं फारसं दिसत नाही,
मला डाव्या कानानं ऐकू येत नाही.
पण त्याचे कान अजून एसटीच्या डेपोतले,
आणि माझी नजर मार्केट यार्डातल्या मापाड्याची,
हळदीच्या ढिगातलं किडकं हळकुंड लांबून हेरणारी.
म्हणून चेतकवर बसलो की
आम्ही दोघं मिळून एक धड ड्रायव्हर व्हायचो.

तो हँडल धरायचा, मी मागून सांगायचो:
"डावीकडनं रिक्षा. पुढं खड्डा.
म्हातारी थांबलीय, जाऊ दे तिला."
(म्हातारी म्हणताना आपलं वय काढायचं नाही, हे ठरलेलं.)
तो म्हणायचा, "मागनं ट्रॅव्हल्स येतीय, गुडघे आत घे."
दर सोमवारी वखारभाग ते विश्रामबाग.
त्याच्या शुगरच्या गोळ्या, माझ्या नातीची खारी.
सहा वर्षं.

एसटीत त्याची एकतीस वर्षं, कुणाला ओरखडा नाही.
आंबा घाटात, धुक्यात, खिडकीतनं डोकं बाहेर काढून
त्यानं चोपन्न माणसं खाली उतरवली होती.
ती गोष्ट तो प्रत्येक सिग्नलला काढायचा.
सिग्नल सुटायचा, घाट संपायचा नाही,
मागचे हॉर्न मारत राहायचे.

सुनेनं, परवीननं, किल्ली पिठाच्या डब्यात लपवली.
सोमवारी तो आला तेव्हा कोपरापर्यंत पांढरा.
लायसनच्या कागदावर डॉक्टरनं मान वर न करता सही केली,
"चाचा, तुमच्याच गाडीतनं कॉलेजला गेलो" म्हणत.
मी तेव्हा खूश झालो होतो.
हेही मापात धरा.

मार्गशीर्षातली संध्याकाळ. बुधगावच्या बारशाहून परत येताना
माधवनगर रस्त्याला पुढं ट्रॅक्टर,
मागोमाग उसाच्या दोन ट्रॉल्या,
ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी.
नुसता वाडं डांबरावर घासत जाण्याचा आवाज.
तो त्यानं ऐकला.
बघायचं काम माझं होतं,
आणि मी खिशातला पेढ्यांचा पुडा चाचपत होतो,
चेपला का म्हणून.

ब्रेक त्यानं कानावर मारला.
पुढचं चाक उसाखाली जाऊन थांबलं,
एक पातं त्याच्या गालावरून ओढत गेलं.
रक्त निघालं ते गुंजभर.
ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंच नाही,
तो साखर कारखान्याकडं निघून गेला, अंधार ओढत.

आम्ही बाभळीखाली बसलो. बराच वेळ गाडीचं इंजिन टिकटिकत होतं.
"बाळगोंडा, दिसलं नाही का तुला?"
"नाही दिसलं," मी म्हणालो.

न बघणं आणि न दिसणं
ही दोन वेगळी मापं आहेत.
चाळीस वर्षं तराजू धरला,
कुणाच्या पोत्यात पावशेराची खोट केली नाही.
त्या बाभळीखाली मी काटा मारला.

"तुझेपण गेले म्हण की," तो एवढंच बोलला.
दुसऱ्या दिवशी किल्ली त्यानं स्वतःच परवीनच्या हातात दिली.
चेतक आता जिन्याखाली आहे,
तिच्या सीटवर परवीन पापड वाळवते.

आता आम्ही चालतो.
विश्रामबागच्या चौकात सिग्नल बावीस सेकंदांचा,
आम्हाला लागतात एकतीस.
झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पुसत पुसत पाच उरलेत,
मी रोज मोजतो.
दुभाजकावर मध्येच उभं राहावं लागतं,
दोन्ही बाजूंनी पँटी फडफडतात.
अप्पालाल माझा हात घट्ट धरतो,
आंधळ्याला धरतात तसा,
आणि दुसरा हात वर करून
एसटी थांबवल्यासारखा अख्खा मिरज रोड थांबवतो.
कधी थांबतो, कधी नाही.

मी हात सोडवून घेत नाही.
लांबून मोबाईल कानाशी धरून येणारं पोरगं
मला लख्ख दिसतं, गाडीच्या नंबरासकट.
पण मी चाचरत, अंदाज घेतल्यासारखं म्हणतो,
"डावीकडनं काहीतरी येतंय वाटतं."

"ऐकलंय मी," तो म्हणतो.
"तू थांब."